काळ्या गोटीशी भांडलेला व्हर्लिन

ओहायोतल्या आमच्या ब्रेमर गावात व्हर्लिन स्टॉफरबद्दल दोन मतं होती. अर्धं गाव म्हणायचं, असा सेवाभावी माणूस पुन्हा होणे नाही. उरलेलं अर्धं म्हणायचं, साठीला आला तरी याला कॉलेज सोडवेना. माझं औषधाचं दुकान मेन स्ट्रीटच्या नाक्यावर, त्यामुळे दोन्ही मतं माझ्याच काउंटरवर येऊन पडायची. मी दोघांनाही 'अगदी बरोबर बोललात' म्हणायचो. गिऱ्हाईक तोडून चालत नाही, आणि शिवाय दोन्ही खरंच होतं.

सगळ्याचं मूळ म्हणजे कॅपा ऱ्हो. कॉलेजातल्या पोरांची ही भावकी. रक्ताचं नातं काही नाही. राहायला एक घर, जेवायला एक लांब टेबल, छातीवर लावायला सोन्याची एक पिन आणि हात मिळवायची एक अतिशय गुप्त पद्धत, जी गावातल्या न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होती. पोरं तीन-चार वर्षं तिथं राहतात, एकमेकांना बंधू म्हणतात, मग नोकऱ्यांना लागतात आणि वर्षातून एकदा फुटबॉलच्या मॅचला पोट सांभाळत येऊन 'आमच्या वेळी असं नव्हतं' एवढं सांगून परत जातात. मीही त्यातलाच, व्हर्लिनच्या एक वर्ष मागे असलेला. फरक इतकाच की आम्ही बाहेर पडलो आणि व्हर्लिन पडलाच नाही. आधी फिरता सचिव, मग सरचिटणीस, शेवटी अखिल देशाचा अध्यक्ष, आणि हे सगळं सांभाळून आमच्या ब्रेमरच्या शाखेचा सल्लागार. त्याची बायको आर्लीन म्हणायची, "बाकीच्या बायकांना एक सासर असतं. मला अडुसष्ट आहेत, आणि प्रत्येकात चाळीस दीर. त्यातल्या एकालाही स्वतःचे मोजे धुता येत नाहीत."

पदवी हातात पडली त्याच उन्हाळ्यात त्यानं फिरत्या सचिवाची नोकरी धरली होती. जुनी प्लिमथ गाडी, मागच्या सीटवर इस्त्रीचे सदरे, आणि या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या शाखा. प्रत्येक घरात दोन-तीन दिवस मुक्काम, झोपायला बैठकीतला सोफा. काम काय, तर सगळंच. स्वयंपाकीण रुसली तर समजूत काढायची. भांडणं मिटवायची. सूप पिताना आवाज करायचा नाही, जेवायला बोलावणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवशी आभाराची चिठ्ठी धाडायची, असल्या गोष्टी शिकवायच्या. कुणाचा बाप गेला तर पोराला गाडीत घालून रातोरात घरी पोचवायचं आणि अंत्यविधीला मागच्या रांगेत उभं राहायचं. कॅन्ससच्या एका घरात पोरांनी न्हाणीघरांतल्या टबांत मासे पाळले होते आणि उरलेल्या एका टबापुढे रोज सकाळी मारामारी चालायची. व्हर्लिन ओरडला नाही. म्हणाला, "शुक्रवारी मासे खा. शनिवारी आंघोळ करा. रविवारी मी एकेकाचा वास घेणार आहे." पुढे त्याच घरातला एक जण मोठा शल्यविशारद झाला. तो अजून सांगतो की शस्त्रक्रियेआधी हात धुताना त्याला व्हर्लिनचं नाक आठवतं.

दोन घरं त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप लावून बंदही केली. नव्या पोरांना जुन्यांनी मारलं होतं तिथं. कुलूप लावताना व्हर्लिन रडला, असं काही जण अजून गहिवरून सांगतात. मला तसं वाटत नाही. कुलूप लावून तो समोरच्या हॉटेलात गेला आणि त्यानं चॉकलेटच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, हे मला त्यानंच सांगितलंय.

तर असा हा माणूस. त्याच्या मनात आयुष्यभर एकच गोष्ट बसली होती, आणि ती म्हणजे आमच्या गावचा पाववाला, एडी तन्नूस.

एडी आणि व्हर्लिन सत्तेचाळीस साली कॉलेजात एका खोलीत राहत होते. एडीचा बाप लेबनॉनहून आलेला. गावात त्याची पावाची भट्टी. पोरगा हुशार, देखणा, नाचायला पुढे, आणि त्याच्या विनोदाला मास्तर आधी हसायचे. दोघांनाही कॅपा ऱ्होमध्ये जायचं होतं. शरद ऋतूत घराच्या जेवणांना दोघं बरोबर गेले, दोघांनी बरोबर सगळ्यांशी हात मिळवले. मग मतदान झालं.

आमच्याकडे मतदान म्हणजे गोट्या. एका थाळीत पांढऱ्या गोट्या, काळ्या गोट्या. लाकडी पेटी हातोहात फिरते, पेटीला वर एक भोक. हवा असेल तर पांढरी टाकायची, नको असेल तर काळी. सगळ्यांच्या टाकून झाल्या की अध्यक्ष पेटी उघडतो. एक काळी निघाली की संपलं. एकच पुरे. चुकून पडली असेल म्हणून पुन्हा एकदा पेटी फिरवायची पद्धत होती, तेवढीच काय ती दया. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की काळी कुणी टाकली हे विचारायचं नाही, टाकणाऱ्यानं सांगायचं नाही, आणि 'का?' हा शब्द तर त्या खोलीत उच्चारायचाच नाही.

व्हर्लिनला सगळ्या पांढऱ्या पडल्या. एडीला एक काळी. पेटी पुन्हा फिरली. पुन्हा एक काळी.

व्हर्लिनला घराच्या ओट्यावर बोलावून निकाल सांगितला, आणि मित्राला कळवायचं कामही त्याच्याच गळ्यात घातलं. तो खोलीवर गेला तेव्हा एडी पलंगावर बसून नवे बूट चढवत होता.

"काय निघालं?"

"एक काळी."

"दोन्ही वेळेला?"

"दोन्ही वेळेला."

"आणि तुझं?"

"पांढऱ्या. सगळ्या."

एडीनं बुटाची नाडी परत सोडली. "मग इथं काय करतोयस गाढवा? जा. आज गुरुवार, घरात पोर्क चॉप असतात. गार होतील."

व्हर्लिन गेला आणि त्यानं चॉप खाल्ले. 'एडी नाही तर मीही नाही' असं त्यानं ठणकावून सांगायला हवं होतं, असं म्हणणारे शूर लोक आज गावात पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण त्या संध्याकाळी त्याच टेबलावर चॉप खात होते. काळी गोटी कुणाची हे मला माहीत नाही. मी वर्षभरानं आलो. माझा तिघांवर संशय आहे. दोघे वारले आणि तिसरा फ्लोरिडात आहे, तो माझं पत्र फोडत नाही. घराच्या भिंतीवर त्या वर्षीचा फोटो आहे. त्यात तन्नूस नाही, ज्यूंचा रोझेन नाही, इटालियन डि पाओलो नाही. कॉलेजात मात्र हे सगळे होते. आता काय समजायचं ते समजा.

दुसऱ्या वर्षी एडीच्या बापाला अर्धांगवायू झाला. एडीनं कॉलेज सोडलं आणि भट्टी धरली. पाव चांगला करायचा, इतका चांगला की काही वर्षांत कॅपा ऱ्होच्या घरानं बाहेरून पाव मागवणं बंद केलं. रोज सकाळी एडीची गाडी घराच्या स्वयंपाकघराशी लागायची. पोरं त्याला 'अंकल एडी' म्हणत. त्याच्याकडे प्रेमाची गाऱ्हाणी घेऊन जात, आणि तो त्यांना गरम पाव आणि वाईट सल्ला देई. ज्या घरानं त्याला नाकारलं त्या घरातल्या पोरांच्या तीन पिढ्या त्याच्या पावावर पोसल्या. व्हर्लिनला हे रोज दिसत होतं. तो गावात असला की त्याची सकाळची कॉफी एडीच्या दुकानातच, पिठाच्या पोत्यावर बसून.

सरचिटणीस झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे घटनादुरुस्तीचा ठराव. एका काळ्या गोटीनं माणूस बाद होऊ नये, किमान तीन पडाव्यात. दर दोन वर्षांनी आमचं अधिवेशन भरतं, कुठल्या तरी मोठ्या हॉटेलात, झुंबरं-बिंबरं असलेल्या. घटना बदलायला चारातले तीन जण बाजूनं हवेत. व्हर्लिन उठायचा, ठराव मांडायचा, आणि मग सिनसिनाटीचा जडसन क्रेग उठायचा.

जडसन नामांकित वकील. दोन्ही अंगठे जाकिटात खोचून बोलायचा. "बंधूंनो, आपले बंधू स्टॉफर यांनी याही खेपेला तेच दळण आणलं आहे. मी त्यांच्या चिकाटीला वंदन करतो. पण ही पेटी म्हणजे आपली एकी आहे. घरातल्या एकालाही जो नको, तो घरात नको. सख्ख्या भावाला न विचारता तुम्ही घरात कुणी आणाल का?" टाळ्या पडायच्या, ठराव पडायचा. आणि मग आमची ती रीत. वाद कितीही पेटलेला असो, शेवटी हरलेल्यानं आणि जिंकलेल्यानं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घराचं गाणं म्हणायचं. एक ओळ नाही, तिन्ही कडवी. व्हर्लिनच्या कोटाचा डावा खांदा जडसनच्या हातानं झिजला, असं आर्लीन म्हणायची. कोट तिलाच रफू करावा लागे.

अधिवेशनाहून आला की तो पहिला एडीकडे. एकदा मी तिथंच होतो. का होतो ते विचारू नका. समोरच्या दुकानदाराला पाव लागतोच.

"काय सरचिटणीस, पडलात?" एडीनं मान वर न करता विचारलं.

"पडलो."

"या खेपेला काय म्हणाला तुमचा वकील?"

"तेच. पूर्वजांचा वारसा."

"त्याचे पूर्वज सिनसिनाटीत डुकरं कापायचे."

"ते नाही बोलला तो."

"बोलायला हवं होतं. मतं वाढली असती." एडीनं ट्रेमधली एक तिकोनी, पालक भरलेली पेस्ट्री उचलून त्याच्यापुढे धरली. "घे. पडल्यावर खावं काहीतरी."

बस्स. एडी कधी 'कशाला करतोस' म्हणाला नाही, 'कर' असंही म्हणाला नाही. आणि व्हर्लिननंही त्याला कधी काही विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, यात विचारायचं काय? कॅपा ऱ्होची पिन कोणाला नको असते? निवृत्त व्हायच्या आत एडीच्या कोटाला ती पिन लावायची, हे व्हर्लिननं एकदा माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं. गंमत म्हणजे एडीकडे कोट होता की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

एकोणनव्वद साली व्हर्लिन अध्यक्ष होता आणि ते त्याचं शेवटचं अधिवेशन. त्यानंतर नियमानं पायउतार. इंडियानापोलिसचं हॉटेल. त्यानं अध्यक्षाची खुर्ची दुसऱ्याला दिली, खाली येऊन ठराव मांडला, आणि आवाज असा की बाजूच्या दालनातलं दंतवैद्यांचं संमेलन काही वेळ थांबलं. मग जडसन क्रेग उठला. आम्ही सगळे खुर्च्यांत सैल होऊन बसलो. काहींनी तर गाण्यासाठी घसा साफ करून घेतला.

जडसननं अंगठे जाकिटात घातले, बाहेर काढले, परत घातले. "बंधूंनो," तो म्हणाला, "एक माणूस. कोण, ते कळू न देता. कारण न सांगता. एका पोराला मातीत घालतो. याला एकी म्हणायचं?"

सभागृहात कुणाला काही समजेना. मला मात्र समजलं होतं, कारण सकाळीच लिफ्टमध्ये मी ती बातमी मिळवली होती. वसंतात जडसनच्या नातवाचं नाव त्याच्याच शाखेत, ज्या घराच्या पायरीवर जडसनच्या नावाची फरशी आहे त्या घरात, पेटीत गेलं होतं. एक काळी. पुन्हा फिरवली, पुन्हा एक काळी. पोरगा म्हणे आजोबांसारखाच होता, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

जडसन त्या दिवशी जे बोलला त्याला तोड नव्हती. वकिलानं स्वतःची केस लढवू नये म्हणतात, पण तो रडवून गेला लोकांना. ठराव चारातल्या तीनपेक्षाही जास्त मतांनी पास. आणि मग गाणं. हरलेला कुणीच नव्हता, तरी दोघं सवयीनं शेजारी येऊन उभे राहिले. जडसनला धाप लागली होती.

"बंधू क्रेग, फार सुंदर बोललात," व्हर्लिन म्हणाला.

"तू वीस-पंचवीस वर्षं हेच सांगत होतास की रे."

"मी इतकं सुंदर नाही सांगितलं."

यात टोमणा होता का, असं मी व्हर्लिनला परतीच्या गाडीत विचारलं. तो म्हणाला, नव्हता. मला अजून खात्री नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. ब्रेमरच्या शाखेत व्हर्लिननं एडी तन्नूसचं नाव मानद बंधू म्हणून सुचवलं. पोरांनी टेबलं बडवली. अंकल एडी? अरे, तो नाही का आधीपासून? पेटी फिरली. सगळ्या पांढऱ्या. व्हर्लिननं पेटीत हात घालून स्वतः चाचपून पाहिलं, मग पेटी उलटी करून हलवली.

मानद बंधू म्हणून निवडलेल्या माणसाच्या दारी गात जाऊन त्याला बोलावणं करायचं, ही आमची जुनी चाल. शनिवारी दुपारी तीस पोरं, निळे कोट, रांगेनं मेन स्ट्रीटवरून निघाली. पुढे व्हर्लिन, केस पाण्यानं चापून बसवलेले. मी दुकानाच्या दारात उभा. समोर एडीच्या दुकानात शनिवारची गर्दी, हॉफमायरबाई पावाची पिशवी धरून दारातच अडकलेल्या. गाणं झालं, तिन्ही कडवी. एडी कोपरापर्यंत पीठ घेऊन बाहेर आला.

व्हर्लिननं ठरलेलं वाक्य म्हटलं, "एडवर्ड तन्नूस, कॅपा ऱ्होचं घर तुम्हाला बंधू म्हणून बोलावत आहे."

यावर 'मी येतो' म्हणायचं असतं. दुसरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे दुसरं उत्तर आलं तर काय करायचं हे कुठंच ठरलेलं नव्हतं.

एडी म्हणाला, "नको."

पुढची पोरं थिजली. मागच्या रांगांना उत्तर ऐकायची गरजच वाटली नव्हती. त्यांनी ठरल्याप्रमाणे आरोळी ठोकली, टोप्या उडवल्या आणि एकानं भोंगा वाजवला.

"व्हर्ल," एडी शांतपणे म्हणाला, "पोरांना दार सोडून उभं राहायला सांग. हॉफमायरबाईंना बाहेर पडता येत नाहीये." आणि तो आत गेला.

मग जे झालं त्यावर माझ्या दुकानात महिनाभर दुसरा विषय नव्हता. व्हर्लिन एडीच्या दुकानात जायचा बंद झाला. सकाळची कॉफी घरी. पाव सुपरमार्केटचा, प्लास्टिकच्या पिशवीतला, दाबला की परत वर येणारा. आर्लीन मागच्या गल्लीतून एडीकडे जाऊन खरा पाव आणायची आणि त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची. व्हर्लिन तो खाऊन म्हणायचा, "हाही काही वाईट नाही." आर्लीननं हे मला शपथ घालून सांगितलं, म्हणून मी फक्त चार-पाच जणांनाच सांगितलं.

एका रविवारी चर्चहून आल्यावर ते दोघं माझ्या ओट्यावर बसले होते. व्हर्लिनचं तेच चाललं होतं. उभा जन्म घातला, अपमान गिळले, आणि भर रस्त्यात, तीस पोरांसमोर...

"त्याला आधी विचारलं होतंस?" आर्लीननं मध्येच तोडलं.

"काय विचारलं होतं?"

"यायचंय का म्हणून."

"हे काय विचारायचं असतं? आपण गात जातो, तो हो म्हणतो."

"हो. माझ्या दारीही असाच आला होतास. तीस जण घेऊन. बाबांची झोपमोड करून." आर्लीन माझ्याकडे वळली. "मला विचार, मी हो का म्हटलं. समोरच्या घरातल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती याने."

"म्हणजे तुला नाही म्हणायचं होतं?" व्हर्लिनचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"दोन दिवस विचार करायचा होता. मग हो म्हटलंच असतं. पण ते दोन दिवस माझे होते की नाही?"

व्हर्लिन म्हणाला, "बेचाळीस साली..."

"बावन्न," आर्लीन म्हणाली. "बघ. तेही लक्षात नाही."

सोमवारी दुकान उघडायच्या वेळेला तो एडीकडे गेला. एकटा, कोट न घालता. मी आत होतो. हो, पाव घ्यायलाच.

एडीनं त्याला पाहिलं, कॉफी ओतली आणि नेहमीचं पोतं पायानं पुढे ढकललं.

"एडी, एक विचारू?"

"विचार."

"का?"

माझ्या हातातली पिशवी मी अगदी हळू खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून.

एडीनं हात पुसले. "अठराव्या वर्षी मला ती पिन इतकी हवी होती व्हर्ल, की मी स्वप्नात ती लावून फिरायचो. वर्षभर तुमच्या घरावरून जायला नको म्हणून मी नदीकाठानं कॉलेजात जायचो. मग बाबा आजारी पडले. मग लग्न झालं, मुली झाल्या, भट्टीचं धुराडं पडलं, ते बांधलं. एक दिवस तुमच्या घरी पाव द्यायला गेलो आणि लक्षात आलं, की आपल्याला इथं काहीच नकोय. फक्त खालच्या पायरीवरचा बर्फ कुणीतरी काढायला हवाय. त्याच दिवशी ते संपलं."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू दर दोन वर्षांनी पडून यायचास, मी तुला खायला घालायचो. मला वाटलं, तुला त्या वकिलाशी भांडायला आवडतं."

"मी तुझ्यासाठी करत होतो."

"नाही रे. त्या चॉपसाठी करत होतास," एडी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं असावं. व्हर्लिननं कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला.

"आणि वाईट नाही केलंस," एडीनं पुढे म्हटलं. "पुढच्या कुठल्या पोराला नदीकाठानं जावं लागणार नाही. ते केलंस तू. पण मला त्यात ओढू नकोस. तुमच्या सभा दोन-दोन तास, आणि सारखी ऊठबस. माझे गुडघे गेलेत."

"मग नाहीच?"

"नाहीच."

व्हर्लिननं मान हलवली. मग त्याच्यातला सरचिटणीस जागा झाला. "तू निवडून आलायस. तुझा नकार सभेत वाचावा लागेल. मजकूर ठरलेला आहे, 'अमुक यांनी आभारपूर्वक नकार कळवला आहे.'"

"आभार कशाचे?"

"बोलावल्याचे."

"बेचाळीस वर्षांनी बोलावल्याचे? आभार काढ."

"एडी, तो ठरलेला मजकूर आहे."

"घटना बदललीस ना? मग हा एक शब्द बदलायला काय झालं? चारातले तीन लागतात का त्याला?"

"नाही. पण सभ्यपणा म्हणून..."

"सभ्यपणा म्हणून पाव देतो की रोज. आभार काढ, नाहीतर मी नकार देत नाही, आणि येतही नाही. मग बस लटकत."

अर्धा तास चालला हा घोळ. मध्ये तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनी एडीची बाजू घेतली, एकानं व्हर्लिनची. शेवटी व्हर्लिन उठला, पोत्याचं पीठ झटकलं आणि जाताना एक पाव विकत घेतला, खरा.

त्या बुधवारच्या सभेला मी मुद्दाम गेलो. जुन्या बंधूंना मागे बसायची मुभा असते. पोरं अजून हिरमुसलेली होती. सचिवानं इतिवृत्त उघडलं, एकदा व्हर्लिनकडे पाहिलं, आणि वाचलं: "श्री. एडवर्ड तन्नूस यांनी नकार कळवला आहे. आभार मानलेले नाहीत."

नकारावर काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून शाखेच्या अध्यक्षानं, सभेत काहीही वाचलं की म्हणतात तेच म्हणायची खूण केली. चाळीस पोरं उभी राहिली आणि एका सुरात, अतिशय गंभीरपणे म्हणाली, "घरानं ऐकलं."

आणि भिंतीशी उभा असलेला व्हर्लिन स्टॉफर, जो सभेत कधी खोकलाही नव्हता, तो असा खदाखदा हसायला लागला की अध्यक्षाला हातोडा आपटावा लागला. दोनदा.